सोमवारचा पांढरा पडदा

मित्रांनो, मी मांजरपाटाचा एक जुना पडदा आहे. सहा हात लांब, चार हात रुंद, कडांना पितळेच्या कड्या. तुमच्या खिडकीला असतो तसा मी शोभेचा नव्हे. मी हवा गाळणारा पडदा होतो. ‘होतो’ म्हणताना मी आजही चाचरतो. मी खरोखर काय गाळत होतो आणि काय सोडून देत होतो, हे ज्या दिवशी कळले त्या दिवसाचा धक्का अजून ओसरलेला नाही. माझ्यासारख्या कापडाच्या तुकड्याने गोष्ट सांगावी की नाही, याचीही मला खात्री नाही. सांगताना काही पुढेमागे झाले तर सांभाळून घ्या.

हिंगणघाटच्या अलीकडे, वेणा नदीच्या काठी, एक लहानशी सूतगिरणी होती. तिचे नाव सांगून आता कुणाचे भले होणार नाही, म्हणून सांगत नाही. तिथल्या चार मागांपैकी एकावर मी विणलो गेलो. माझा कापूस समुद्रपूरकडच्या काळ्या रानातला. माझ्याबरोबर विणलेल्या कापडाचे सदरे झाले, चादरी झाल्या, आणि ते सगळे बाजाराला गेले. मला मात्र फिटरने मापाने कापले, कडा दुमडून शिवल्या आणि एका लाकडी चौकटीत ताणून बसवले. त्या दिवशी मी फार हिरमुसलो होतो. सदरा झालो असतो तर चार गावे पाहिली असती.

ती चौकट रुई पिंजण्याच्या खात्यात होती. तिथे मोठमोठे काटेरी रूळ फिरत आणि रुई विंचरून निघे. विंचरताना तिच्यातला कचरा, बोंडांचा भुगा, पानांचा चुरा आणि तुटलेले तंतू हवेत उडत. बायका-माणसांच्या भुवया दुपारपर्यंत पांढऱ्या होत. भिंतीत एक विजेचा पंखा होता. तो खात्यातली धुळीची हवा ओढून घेई आणि माझ्या पाठीवर ढकली. माझ्यातून पार झालेली हवा समोरच्या बाजूने पुन्हा खात्यात जाई. दारे-खिडक्या उघडून ती हवा बाहेर का काढत नव्हते, असे तुम्हाला वाटेल. आमच्याकडची बाहेरची हवा कोरडी. ती आत आली की सूत तटातट तुटते. म्हणून तीच ओलसर हवा गाळून गाळून वापरत.

थोडक्यात, त्या खात्यातल्या चाळीस माणसांचा श्वास माझ्यातून जात होता. हे कळल्यावर माझी सदऱ्याची हौस मावळली.

माझी देखभाल तानाबाईकडे होती. तानाबाई पन्नाशीची, काटक, तोंडाने फटकळ. तीस वर्षे ती गिरण्यांत झाडझूड करत आली होती. छप्पन सालच्या दसऱ्याला ती गावच्या लोकांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. जाताना तिने आपले पांढरे लुगडे तीनदा धुतले होते. स्वच्छता तिला आधीपासूनच प्रिय होती; त्या दिवसापासून ती तिच्यासाठी शपथेसारखी गोष्ट झाली. दर रविवारी गिरणी बंद असे, तेव्हा ती मला चौकटीतून काढी आणि हौदावर नेई. मला सोड्यात भिजवी, मोगरीने बडवी, चार पाण्यांतून काढी आणि शेवटी निळीत बुडवी.

हौदावरची दुसरी बाई एकदा तिला म्हणाली, “काऊन व तानाबाई, पडद्याचं लग्न लावतं का?”

“हसजो बाई,” तानाबाई मोगरी न थांबवता म्हणाली. “जलमभर आमच्या लोकाइले घाण म्हणत आले. आता माह्या हातचं कोणी घाण म्हणून दाखवो!”

सोमवारी सकाळी मी चौकटीत बसलो की खाते उजळून निघे. मॅनेजरसाहेब सोमवारीच फेरी मारत. ते माझ्यासमोर थांबत, मान डोलावत आणि पुढे जात. खात्याचे जॉबर नानाजी, म्हणजे आमच्याकडच्या कामगारांचे मुकादम, म्हणत, “तानाबाई, तुह्या पडद्यात तं तोंड दिसते व!” तानाबाई पदर नीट करी. आणि मी? खोटे कशाला सांगू, मी फुगून जात असे. शनिवारपर्यंत माझ्या पाठीवर धुळीचा बोटभर जाड थर जमे, समोरून मी राखाडी दिसे, आणि त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटे. कधी एकदा रविवार येतो असे होई.

त्याच हिवाळ्यात तानाबाईची सून पंचफुला कामाला लागली. तानाबाईचा मुलगा चंद्रभान पुलगावला कामाला होता, महिन्यातून एकदा येई. घरात या दोघीच. पंचफुला बावीस वर्षांची, हसरी, बोलकी. रद्दी रुईतून चांगली रुई निवडण्याचे काम तिला मिळाले. ती आली त्या दिवशी तानाबाई नानाजींपुढे उभी राहिली.

“नानाजी, माह्या सुनेले पडद्यापुढं बसवा जी. इथं साफ हवा येते.”

“थे जागा तं मी माह्यासाठी ठेवली होती,” नानाजी हसून म्हणाले. “बरं, बसव. पण तिले सांग, हवा खायले नाई बसवलं, रुई निवडायले बसवलं.”

अशा रीतीने खात्यातली सर्वांत चांगली म्हणून मानलेली जागा पंचफुलेला मिळाली. माझ्यापासून दोन हातांवर. माझ्यातून निघालेली हवा आधी तिच्या चेहऱ्यावर जाई. तिच्या कपाळावरचे केस त्या हवेने उडताना मी पाहत असे, आणि मला वाटे, चला, आपल्यामुळे एका पोरीचे तरी बरे होत आहे.

दोन महिने गेले आणि पंचफुलेला दम लागू लागला. सोमवारी दुपारी तो सुरू होई. ती हातातली रुई ठेवून छाती धरून बसे. मंगळवारी थोडा कमी. गुरुवार-शुक्रवारी ती पुन्हा हसून बोलू लागे. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

“आत्याबाई, छातीवर कोणं गोटा ठेवल्यावाणी वाटते,” ती सासूला म्हणाली.

“इतवारभर पाय पसरून झोपली, तं सोमवारी जड वाटनच!” तानाबाई म्हणाली. “माही बुढीची छाती पाह्य. तीस साल झाले रुईत. मले काऊन नाई होत?”

खरे तर तानाबाईही खोकत असे. पण तिचा खोकला इतका जुना होता की तिला तो ऐकूच येत नसे.

नानाजी चेष्टेत विचारत, “तानाबाई, तुह्या सुनेच्या छातीले वार बी कळतेत का व? बरोबर सोमवार पाह्यते!” सगळे हसत. पंचफुलाही हसायचा प्रयत्न करी, आणि हसता हसता तिला ढास लागे.

पण बाहेर असे फटकारणारी तानाबाई रविवारी हौदावर मला दुप्पट जोराने बडवू लागली. एरवी चार पाणी, आता सहा. “साफ निघाय पाहिजेन,” ती मोगरीच्या तालावर पुटपुटे. “पोट्टीच्या तोंडावर हवा जाते. निरा साफ निघाय पाहिजेन.” मी तो मार आनंदाने सोसला. मित्रांनो, त्या आनंदाची आठवण झाली की आजही माझे धागे आकसतात.

फेब्रुवारीत पंचफुला दोन सोमवार अर्ध्यावर काम टाकून घरी गेली. मग नानाजींनी तानाबाईला बाजूला बोलावले. त्यांचा चेष्टेचा सूर गेला होता.

“साहेब म्हणत होते, तिसऱ्यांदा गेली तं नाव कापा. मी काय करू, सांग? माह्या हातात असतं तं...”

“नाव नाई कापलं जाणार,” तानाबाई म्हणाली. “बसन थे. मी बसवतो तिले.” आमच्याकडे बायकाही ‘बसवतो’ असेच म्हणतात.

गिरणीच्या दवाखान्यात अण्णाजी नावाचा कंपाउंडर होता. डॉक्टर वर्ध्याहून आठवड्यातून दोनदा येत, बाकीचे दिवस अण्णाजीच. चाळिशीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा, कुणाशी बोलताना स्वतःच्या चपलांकडे पाहणारा माणूस. डॉक्टरांची जुनी पुस्तके तो शब्दकोश घेऊन वाचत बसे. पंचफुला त्याच्याकडे औषधाला जात होती. सोमवारच्या दम्याबद्दल त्याने पुस्तकात कुठेतरी वाचले होते. एका शनिवारी दुपारी तो बिचकत खात्यात आला आणि नानाजींना म्हणाला, “तुमची हरकत नसेल तर मी पडद्यामागची... म्हणजे पडद्यापुढची हवा जरा तपासू का? माझी काही चूकही होत असेल.”

“तपासा नं. हवेले काय पैसे पडतेत?” नानाजी म्हणाले.

अण्णाजीने हिवतापाचे रक्त तपासायच्या काचेच्या दोन पट्ट्या आणल्या होत्या. त्यांना त्याने ग्लिसरीनचे बोट लावले, म्हणजे त्यांवर धूळ चिकटावी. एक पट्टी त्याने माझ्या पाठीमागे, पंख्याच्या बाजूला धरली. दुसरी माझ्यापुढे, पंचफुला बसते त्या बाजूला. दोन्ही दहा-दहा मिनिटे. दवाखान्यातले सूक्ष्मदर्शक यंत्र तो गमछ्यात गुंडाळून घेऊन आला होता. ते त्याने दाराजवळच्या टेबलावर उजेडात ठेवले आणि डोळा लावला.

मी शनिवारचा होतो, म्हणजे अगदी मळका. माझे आता काही खरे नाही, असे मला वाटले.

बऱ्याच वेळाने अण्णाजीने मान वर केली. “मागची काच धुळीने भरली आहे. पुढची जवळजवळ स्वच्छ. पडदा चांगले काम करतो आहे.” आणि मग, नेहमीप्रमाणे, “निदान या काचेत दिसते तेवढे तरी. याहून बारीक असेल ते मला दिसत नाही.”

मला हायसे वाटले. मळका असूनही मी इतका चांगला, तर सोमवारी धुऊन आल्यावर किती चांगला असेन! अण्णाजीलाही बहुधा तेच वाटले. केवळ नोंद पूर्ण करावी म्हणून तो सोमवारी सकाळी पुन्हा आला. मी नुकताच चौकटीत बसलो होतो, निळीचा वास अंगाला, दुधासारखा पांढरा. त्याने पुन्हा दोन काचा धरल्या. पुन्हा डोळा लावला.

त्याने डोळा काढला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग पुढची आणि मागची काच अदलाबदल झाली की काय, म्हणून त्यांवरच्या खुणा पाहिल्या. त्या बरोबर होत्या. त्याने नव्या काचा घेतल्या आणि सगळे पुन्हा केले.

“काय झालं जी?” नानाजींनी विचारले.

“दोन्ही काचा सारख्याच आहेत,” अण्णाजी म्हणाला. “मोठे तंतू तेवढे अडलेत. बारीक धूळ सगळी पार झाली आहे. जणू पडदा नाहीच.”

जणू पडदा नाहीच. मित्रांनो, इतक्या वर्षांच्या कौतुकानंतर हे तीन शब्द ऐकले आणि मला वाटले, चौकटीतून गळून पडावे.

ते कसे घडत होते, हे मला नंतर हळूहळू उमजले. माझ्या दोन धाग्यांमध्ये बारीक भोक असते. तुम्हाला ते दिसत नाही, पण धुळीच्या कणाला ते गावाच्या वेशीएवढे मोठे. कापसाचा लांब तंतू त्यात आडवा अडकतो. म्हणून मला वाटे मी पुष्कळ अडवतो. बारीक कण मात्र हवेच्या झोतावर बसून सरळ पार होतो. पण दोन-तीन दिवसांत अडकलेल्या तंतूंचा माझ्या पाठीवर एक थर जमतो, दुधावर साय धरावी तसा. त्या थरात सरळ वाट नसते. हवा वळणे घेत जाते, वळणावर बारीक कण तंतूला धडकतो आणि तिथेच चिकटतो. म्हणजे गाळणारा मी नव्हतोच. ज्याची मला लाज वाटत होती तो मळ गाळत होता. आणि तो मळ दर रविवारी मोगरीने बडवून, सहा पाण्यांनी धुऊन काढला जात होता.

पंचफुला माझ्यासमोर दोन हातांवर बसली होती. तिचे केस उडत होते. सकाळचे दहा वाजले नव्हते आणि तिने छातीवर हात ठेवला होता.

अण्णाजीने आधी तिला तिथून उठवून दारापाशी बसवले. मग त्याने एका लहान चौकटीत इतर कापडे ताणून पाहायची ठरवली. गोणपाटाचा तुकडा झाला. त्यातून तर तंतूही जात. मलमलीच्या चार घड्या झाल्या. धूळ थोडी कमी आली, पण हवाच नीट जाईना, आणि ती चौकटीच्या फटींतून बाजूने पळू लागली. मग अण्णाजीची नजर नानाजींच्या खांद्यावरच्या घोंगडीवर गेली. आर्वीकडच्या धनगराने विणलेली, वर्षानुवर्षे वापरून घट्ट झालेली, लोकर पिंजारलेली घोंगडी.

“नाई नाई,” नानाजींनी घोंगडी छातीशी धरली. “थंडीत का मले गोणपाट पांघरवता?”

“फक्त कोपरा,” अण्णाजी म्हणाला.

“कोपरा म्हणता म्हणता धोतरापर्यंत याल तुम्ही!” पण असे म्हणत त्यांनी स्वतःच कात्री मागितली.

घोंगडीच्या तुकड्याने सगळ्यांना चकित केले. पहिल्याच तासात, अंगावर मळाचा थर नसताना, त्याच्यापुढची काच जवळपास कोरी निघाली. लोकरीत सरळ भोकेच नव्हती. आत दाट जंजाळ होते. कण शिरे तो कुठे ना कुठे अडकून राही, आणि हवा मात्र जात राही. रंगाने काळपट, हाताला खरखरीत, कुणी दिवाणखान्यात ठेवणार नाही असे ते कापड. मी पांढरा शुभ्र, आणि माझी किंमत शून्य. मी त्याच्याकडे पाहूही शकलो नाही.

पण खरा धक्का पुढेच होता. तो मला नव्हे, तानाबाईला बसायचा होता.

पूर्ण खात्री होईपर्यंत अण्णाजीने तिला काही सांगितले नव्हते; शनिवारी संध्याकाळी त्याने तिला टेबलाशी बोलावले. सोमवारची काच यंत्राखाली होती.

“डोळा लावा, तानाबाई. काय दिसते?”

“रवा सांडल्यावाणी दिसते. मधात काळे काळे कण.”

“ही धूळ पडद्यातून पार होऊन पंचफुलाबाईकडे गेली.” मग त्याने दुसरी काच ठेवली. “आता ही पाहा.”

“हे तं साफ हाये.”

“ही शनिवारची. ती आधीची सोमवारची.”

तानाबाईने मान वर केली. “उलटं झालं जी तुमचं. सोमवारी पडदा धुतलेला असते. शनिवारी मळका असते.”

“उलटे नाही झाले.”

“तुम्ही काचा बदलल्या असन.”

“मी चारदा पाहिले, तानाबाई. मलाही आधी तसेच वाटले. धुतलेल्या पडद्यातून धूळ जाते. मळका झाला की अडते.”

पंखा थांबलेला होता, खाते रिकामे होते. तिने पुन्हा यंत्राला डोळा लावला, या वेळी न सांगता. मग तशीच वाकलेली राहून, अगदी हळू आवाजात म्हणाली, “म्हंजे मी जेवढं धुतलं...”

अण्णाजी चपलांकडे पाहू लागला.

“आणि तिले तिथं मीच बसवलं. नानाजीले म्या म्हटलं, बसवा जी, साफ हवा येते.”

“सगळा दोष पडद्याचा नाही,” अण्णाजी घाईने म्हणाला. “सुटीनंतर पुन्हा धुळीत आले की छाती आवळते, असे गिरण्यांतून सगळीकडे आढळते म्हणतात. पडद्याने त्यात भर घातली. मला तरी तसे वाटते.”

“भर,” तानाबाई म्हणाली. ती खाली बसली. तिचे हात मी इतकी वर्षे ओळखत होतो. सोड्याने बोटांची कातडी गेलेली, मोगरीचे घट्टे पडलेले. ते हात ती मांडीवर उलटे ठेवून बघत होती, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी वाट पाहिली. ती आली, चौकटीपुढे उभी राहिली, आणि मला हात न लावता परत गेली.

आणि सोमवार उजाडला. या दिवशी पंचफुला तिसऱ्यांदा अर्ध्यावर उठली तर तिचे नाव कापले जाणार होते. लोकरीचा मोठा पडदा अजून कुठला असणार. तो कोपरा हातभरच होता. त्यामुळे मीच होतो, आठवड्याच्या मळासकट. मॅनेजरसाहेबांच्या फेरीत मी प्रथमच राखाडी दिसणार होतो.

तानाबाईने पंचफुलेला दाराजवळून आणून पुन्हा माझ्यापुढे बसवले. “आज बस इथं, पडदा मळका हाये,” ती म्हणाली. “माह्यासाठी बस. दम लागला तं मले सांगजो. लपवू नको.”

“तुम्ही रागवान, आत्याबाई.”

“नाई रागवत, व.”

अण्णाजीही यंत्र आणि काचा दाराजवळच्या टेबलावर मांडून थांबला होता. नऊ वाजले. दहा वाजले. मी माझ्या पाठीवरच्या थराला आयुष्यात पहिल्यांदा घट्ट धरून ठेवले होते. पंचफुलेचे केस उडत होते आणि तिचे हात चालत होते. साडेदहाला मॅनेजरसाहेब आले. माझ्यासमोर थांबले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ये क्या है? इतना गंदा? कोण आहे या पडद्यावर?”

“मी हाये, साहेब,” तानाबाई म्हणाली. “तानाबाई.”

“काम नसेल जमत तर सांगा. दुसरी बाई ठेवतो.”

गंदा. हा शब्द चाळीस माणसांसमोर तिच्या तोंडावर पडला. ती हौदावर काय म्हणाली होती, ते आठवून मला वाटले, आता ही मला ओढून काढील आणि धुवायला घेईल. तसे केले असते तर कुणी तिला दोष दिला नसता.

“जाणून मळका ठेवला, साहेब,” ती म्हणाली. “अण्णाजी, सांगा नं जी.”

अण्णाजी नुसता चष्मा पुसत राहिला. तेव्हा तानाबाईनेच टेबलाकडे बोट केले. “साहेब, थे काच पाहा. धुतलेल्या पडद्याची एक, मळक्याची एक. मी अडाणी बाई, पण मले दिसलं. तुम्हाले तं दिसनच.”

यंत्रे फिरत होती, पण हात थांबले होते. साहेब टेबलाशी गेले ते चिडूनच. त्यांनी एक काच पाहिली. दुसरी पाहिली. मग पुन्हा पहिली. त्यांचा चेहरा उतरत गेला. नकळत त्यांनी खिशातला पांढरा रेशमी रुमाल काढून नाकाला लावला.

तेव्हा कुठे अण्णाजीला वाचा फुटली. “साहेब, तो रुमालही या पडद्यासारखाच आहे. बारीक धूळ त्यातून जाते.”

साहेबांनी रुमाल खाली घेतला आणि त्याच्याकडे असे पाहिले, की जणू तो आपला नाहीच. मग त्यांनी पंचफुलेकडे पाहिले. ती खाली मान घालून रुई निवडत होती. “ही तीच बाई का? सोमवारची?” नानाजी म्हणाले, “हो जी. पण आज अजून उठली नाई.” साहेब निघून गेले.

त्या दिवशी पंचफुला सुटी होईपर्यंत बसून राहिली. तिचे नाव कापले गेले नाही. महिन्याभरात माझ्या पाठीशी लोकरीचे दोन जाड पडदे आले आणि चौकटीच्या फटी काथ्याने बुजवल्या. मळ फार झाला तर हवाच अडते, म्हणून पुढे सुताचा एक धागा लोंबकळत बांधला. तो धागा हलेनासा झाला की तानाबाई पडदे हळूच झटके, आणि तेही एका वेळी एकच. मोगरी तिने पुन्हा हातात घेतली नाही.

पंचफुला मात्र पूर्ण बरी झाली असे मी सांगू शकत नाही. सोमवार सोपे झाले, इतकेच. छातीत जे आधीच जाऊन बसले ते बाहेर काढायचे औषध आपल्याकडे नाही, असे अण्णाजीने तिला स्पष्ट सांगितले. पावसाळ्यात ती सूत गुंडाळण्याच्या खात्यात गेली, तिथे धूळ कमी. दोन वर्षांनी मी फाटलो आणि तानाबाईने मला घरी नेले. आता मी तिच्या ज्वारीच्या कणगीवर पडून असतो. कुणी मला निळीत घालत नाही. मी पिवळा पडलो आहे, आणि त्याचे मला काही वाटत नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला काय शिकवणार? मला स्वतःचीच ओळख इतकी वर्षे नव्हती. पण एक विनंती करू का? तुमच्याही घरी कुणीतरी असेल, ज्याची तुम्ही मनापासून काळजी घेता. त्याच्यासाठी खूप काही करतही असाल. तानाबाईनेही केले, हातांची सालटी निघेपर्यंत केले. सुनेला कसे वाटते, एवढे विचारून तिचे उत्तर खरे मानायचे तेवढे राहून गेले होते.

आता ती ते रोज करते. संध्याकाळी पंचफुला कामावरून येते, उंबऱ्याशी चपला काढते, आणि तानाबाई चूल सोडून तिच्याजवळ येऊन उभी राहते. “दम कसा हाये व आज?” ती विचारते. आणि पंचफुला श्वास आत घेऊन, नीट अंदाज घेऊन सांगेपर्यंत, तानाबाई गप्प थांबते.